गुरुवारच्या भरलेल्या विहिरी

त्या हिवाळ्यात आमच्या गावात अभ्यासकांचा सुकाळ झाला होता. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी शहाद्याजवळच्या तापीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांना आमचा मुलूख अचानक सापडल्यासारखा झाला होता. एक जण परत गेला की पुढच्या मोटारीतून दुसरा उतरे.

सगळे आधी सरपंच आबांकडे जात. आबा गुजर शेतकरी, ऊस-केळीचे बागाईतदार, साठीच्या घरातले. तिसऱ्या पाहुण्यानंतर ते शाळेत आले आणि मला म्हणाले, "बाई, मन्हा घरमा किती मानसं शेतस हाई तीन जनस्नी इचारं. आते चौथाले तुम्हीच सांगा."

मला याद्या करायची सवय आहे हे गावाला ठाऊक होतं. शाळेतले खडू, फळ्याची फडकी, कोणाच्या घरी कधी गोवर आला, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. तेव्हा मी एक वही सुरू केली. कोण आलं, काय विचारायला आलं, कोणत्या वारी येणार, कोणत्या घरी चौकशी झाली. हेतू एवढाच, की एका बाईला चुलीपासून चारदा उठावं लागू नये.

पहिले विज्ञानवाले. सातपुड्यातल्या गवतांच्या जाती गोळा करायचे. डोंगरात मोलगीच्या बाजारापर्यंत हिंडून यायचे आणि खांद्यावर पेंढ्या घेऊन आमच्याकडे मुक्काम टाकायचे. त्यांना पाहून आबा म्हणाले होते, "साहेब, हाई बैलास्ले टाकाना शे का?" ते फार हसले, पण पेंढ्या माळ्यावर ठेवल्या. दुसरे चित्रवाले. वस्तूंचे आकार कसे घडतात याचा ते अभ्यास करत. आमच्या मोटेचं चाक, बैलांचं जू, चामड्याची सोंड असं सगळं ते कागदावर उतरवून घेत. सुताराला विचारत, इथे असा बाक का दिला? सुतार म्हणे, बापाने दिला होता म्हणून. चित्रवाले तेही लिहून घेत. ते गावातच राहिले होते, देवळामागच्या खोलीत.

तिसरे विहिरवाले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला तरुण पोरगा, चष्मा लावणारा, अबोल. आमच्या नऊ विहिरी त्याने निवडल्या होत्या. काठावर खडूची खूण करायची, टोकाला शिशाचा तुकडा बांधलेली फीत आत सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते लिहायचं. थंडीत मोटा चालल्या की पाणी किती वेगाने उतरतं, हे त्याला काढायचं होतं. बाकीच्या वारी तो दुसऱ्या गावांत जाई. आमचा वार गुरुवार.

चौथ्या शाळावाल्या ताई. मी हे सगळं लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी.

ताई शहाद्याच्या हायस्कुलात शिकवत आणि बाहेरून शिक्षणशास्त्राच्या वरच्या परीक्षेचा प्रबंध लिहीत होत्या. हेडमास्तरांनी त्यांना त्या वर्षापुरता गुरुवार मोकळा दिला होता. सासऱ्यांनीही वर्षभरापुरतीच मुभा दिली होती. होळीनंतर प्रबंध पाठवायचा. नाही जमलं तर पुस्तकं बांधून माळ्यावर. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चहा घेता घेता, अगदी वेळापत्रक सांगावं तसं.

त्यांचा विचार सरळ होता. आमच्या मुलांच्या घरी अहिराणी, नाहीतर गुजरी. शाळेत पुस्तकी मराठी. मुलं बुजतात, मग येत नाहीत. म्हणून त्या दर गुरुवारी घरच्या बोलीत गोष्ट सांगून, चित्रं लावून पाठ घेत. मुलं आली तर विचार खरा.

आणि मुलं आली! दत्तजयंती झाली, उसाला पाणी देणं सुरू झालं तशी माझी रोजची हजेरी नेहमीप्रमाणे रोडावली. पण गुरुवारी मात्र शाळा तुडुंब. मला दोन बसकरपट्ट्या जास्त अंथराव्या लागत. ज्या पोरी संक्रांतीपासून दिसल्या नव्हत्या, त्या गुरुवारी तेल-वेणी करून हजर. ताई उजळून निघाल्या. मार्गदर्शकांना त्यांनी पत्र टाकलं. त्यांचं उलट उत्तर आलं, शाबासकीचं. ते पत्र त्या पर्समध्ये घेऊन हिंडत. मीही आनंदात होते. माझ्या बाकीच्या पाच दिवसांचा थोडा अपमान होत होता, पण तो मी गिळला.

इकडे विहिरवाला कोड्यात पडला होता. माघ संपत आला तरी आमच्या विहिरींचं पाणी उतरेना. शेजारच्या गावांत हात-हात खाली गेलेलं, आमच्याकडे जिथल्या तिथे. त्याला वाटायला लागलं, तापीतून खालून एखादा झरा असणार. मला त्याने कागदावर रेघा काढून तो झरा कसा वाहत असेल ते दाखवलंसुद्धा.

एका शुक्रवारी चित्रवाले तणतणत शाळेत आले.

"बाई, तुमच्या वहीत माझी एक तक्रार लिहा. मला चालती मोट काढायचीय. काल दिवसभर नऊ विहिरी फिरलो. एकही मोट चालू नाही. बैल आपले रवंथ करताहेत."

"बैलांच्या विसाव्याचा वार असेल."

"तसं विहिरवालेही म्हणतात. पण आबांचा गडी म्हणतो, असा वार नाही. मग गुरुवारीच काय होतं?"

त्यांना वाटेला लावलं आणि वही उघडली. एका पानावर विहिरवाले, गुरुवार. समोरच्या पानावर ताई, गुरुवार. मोट चालू असली की वाफ्यात पाणी वळवायला लहान हात लागतात. एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून पुढच्याचं तोंड उघडायचं. आमच्याकडे ते काम मुलंच करत. मोट बंद, तर मुलं मोकळी. मोकळी मुलं शाळेत.

मी शाळा सुटल्यावर थेट आबांच्या मळ्यात गेले.

"आबा, गुरुवारी मोटा का बंद असतात?"

आबांना प्रश्नच कळेना. "पाव्हना येस ना विहीर दखाले!"

"मग?"

"मंग काय, बाई? पाव्हनाले आटेल विहीर दखाडानी? बुधवारनी सांजले मोट थांबाडतस, रातभर पानी चढस. गावनी इज्जत शे."

सोयरीक जुळवायला माणसं आली की आमच्याकडे आधी विहीर दाखवत. घर, भांडी, मुलगी सगळं नंतर. काठावर वाकून पाणी बघायचं, मान हलवायची, मग चहा. त्यासाठी आदल्या संध्याकाळीच मोट थांबवून विहीर भरू देत आणि पाहुणे गेल्यावरच पुन्हा जुंपत. म्हणजे पुण्याहून फीत घेऊन आलेल्या या शिकलेल्या पाहुण्यालाही गावाने तोच मान दिला होता. नऊच्या नऊ घरांनी. दर आठवड्याला.

"अहो, त्याला विहीर किती आटते तेच तर बघायचंय," मी म्हटलं.

आबा हसायलाच लागले. "आटेल विहीर दखाले पुनाथाईन येस का कोनी?"

विहिरवाल्याला सांगणं सोपं गेलं. त्याने झऱ्याचा कागद फाडला आणि म्हणाला, "बरं झालं, लेख पाठवला नव्हता." ताईंना सांगणं अवघड होतं. गुरुवारी पाठ संपल्यावर मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी दोन्ही पानं वाचली, परत वाचली.

"बाई, तुम्हाला माझा पाठ बघवला नाही का?"

मला लागलं. पण त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते. "बघवला म्हणूनच सांगते," मी म्हटलं. "परीक्षेत कोणी तिसऱ्याने दाखवण्यापेक्षा मी दाखवलेलं बरं."

"होळीला तीन आठवडे राहिलेत."

"तीन गुरुवार राहिलेत. एक वापरून बघू. पुढच्या आठवड्यात विहिरवाल्यांना सोमवारी यायला सांगते, गुरुवारी नाही. आबांना आजच कळवते. तुमचा पाठ मात्र गुरुवारीच. तुमची चित्रं खरी असतील तर मुलं गुरुवारीच येतील."

त्या उठून मोटारीला गेल्या. जाताना पत्राची पर्स काखेत घट्ट धरली होती.

सोमवारी माझा पाढ्यांचा दिवस. एकोणतीसचा पाढा ऐकायला गावातली पोरं हौसेने येतील असं कोणी म्हणणार नाही. पण सगळी आली. दाराबाहेर चपलांची रास. एका पोरीला मी विचारलं, "आज कशी काय आलीस गं?" ती म्हणाली, "आज विहिरवाला येनार शे." माझ्यावर प्रेम वगैरे काही नाही.

गुरुवारी ताई नवी चित्रं घेऊन उतरल्या. हत्ती, आगगाडी, समुद्र. वर्गात तीन मुलं. एकाचा पाय मुरगळलेला होता, म्हणून त्याला मळ्यात नेलं नव्हतं. ताईंनी त्या तिघांना पूर्ण गोष्ट सांगितली, आगगाडीचा आवाज काढून. काही कमी केलं नाही. मग खाली बसकरपट्टीवर बसल्या आणि माझ्याकडे बघून एकदम हसत सुटल्या. "संपला प्रबंध," त्या म्हणाल्या. हसता हसता डोळे भरले होते.

"संपला कसा? विषय बदलला," मी म्हटलं. "चला मळ्यात."

राहिलेले दोन्ही गुरुवार, आणि हेडमास्तरांच्या हातापाया पडून मिळवलेला एक आठवडा, ताई वाफ्यांच्या कडेने फिरल्या. मी यादी करून दिली होती. कोणाच्या मळ्यात मोट कधी लागते, कोणतं मूल कुठे पाणी वळवतं. चित्रवाल्यांनी त्यांना एका मोठ्या कागदावर मळ्याचा दिवस काढून दिला. सूर्य कुठे, बैल कुठे, पोर कुठे. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. ऐन दुपारी बैल सोडतात. तेवढा वेळ पोरंही मोकळी असतात. आणि आमची शाळा नेमकी त्याच वेळी जेवायला सुटत असे.

ताईंनी प्रबंध तसाच लिहिला. पहिल्या भागात स्वतःची चूक, सगळी, पत्रासकट. दुसऱ्या भागात मळ्याचा दिवस. मार्गदर्शकांनी आधी कळवलं की चुकीचं प्रकरण गाळा, शोभत नाही. ताईंनी उलट लिहिलं, ते गाळलं तर उरलेलं कशावरून कळलं ते सांगता येत नाही.

विहिरवाल्याचंही जमलं. आबांना पटवायला वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "आबा, वैद्याकडे जाताना ताप उतरवून जाता का?" आबांनी मोट चालू ठेवली, पण तो फीत सोडत असताना स्वतः बाजूला उभे राहून सांगत, "लिखी ठेवा, साहेब, सकाळले पानी वर व्हतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई पुन्हा आल्या. तोंडी परीक्षा झाली होती. दोन परीक्षक, त्यांतल्या मोठ्यांनी बाकी प्रबंध बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, "मग तुमची ती बोलीतली गोष्ट, चित्रं, तो पाठ चांगला होता की नव्हता?"

"मी म्हटलं, ते मला अजून माहीत नाही," ताई सांगत होत्या. "मुलं शाळेत येऊन बसली की मग कळेल. ते काम पुढे कोणी तरी करावं."

"मग?"

"मग ते म्हणाले, कोणी तरी कशाला, तुम्हीच करा. पास केलं."

सासऱ्यांनी आणखी एक वर्ष दिलं होतं. जूनपासून दुपारी बारा ते तीन वर्ग भरवायची परवानगी मी मागावी आणि ताईंनी तो पाठ रोज त्या वेळी घेईल अशी एखादी शिक्षिका तयार करावी, असं आम्ही भाकरी खाता खाता ठरवलं. अर्ज मी तिथेच लिहायला घेतला. ताई मजकूर सांगत होत्या, आणि मोटार यायला अर्धा तास होता.