बर्फ म्हणजे लादी

पोट दुखलं की माणसं ओवा खातात. माझं पोट कैक वर्षं दुखतंय आणि त्याला ओवा लागू पडत नाही, कारण दुखणं माझ्या धाकट्या भावाचं आहे. त्याचं चांगलं झालं, हेच दुखणं.

आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. भूकंप झाला तेव्हा मला लातूरला अकरावीत जाऊन दोनच महिने झाले होते. घराच्या भिंती पडल्या, माणसं वाचली. वडिलांनी, आबांनी, मला परत बोलावलं. म्हणाले, "घर उभं राहू दे, मग जा." मी ट्रॅक्टर धरला. दगडमाती उपसली, विटा वाहिल्या, काळ्या रानात चाकं रुतवली आणि काढली. घर उभं राहीस्तोवर धाकट्याची दहावी झाली. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. घरातून एकालाच पाठवणं जमणार होतं, आबांनी त्याला पाठवलं. दहावीला त्याचे मार्क माझ्यापेक्षा सात कमी. सात. हे मी कुणी न विचारता सांगत सुटायचो. बायको म्हणायची, आता तरी सोडा की.

तो इंजिनियर होऊन कॅनडात गेला. मी नांदेडला, मुदखेडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान टाकलं. टायरचं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा त्याचा फोन आला. "दादा, बर्फावरची गाडी घ्यायलोय. पुढं घसरायला दोन फळ्या असतात, मागं चाकं न्हाईत, रबराचा एक पट्टा फिरतो. त्या पट्ट्याला दात असतात. आखूड पट्टा घेऊ का लांब? दात एक इंची का अडीच इंची?" गाडी कशाला, तर हौसेला. सुट्टीच्या दिवशी बायकोला मागं बसवून बर्फात हिंडायला. मी जन्मात एक चाक हौसेनं फिरवलं नाही.

आता माझा धंद्यातला नेम असा, की गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल, रान कसलं? काळं का मुरमाड? आणि डांबरीवर किती चालणार? हे कळल्याशिवाय मी टायरला हात लावू देत नाही. त्या दिवशी सख्ख्या भावाला मी ते विचारलंच नाही. आपल्याकडं बर्फ म्हणजे लादी. रसवंतीवाल्याकडं भुशात गुंडाळून ठेवलेली, दगडासारखी टणक. लादीवर उंच दात कशाला पाहिजेत? म्हणालो, "आखूड पट्टा, बारके दात."

तो म्हणाला, "इथं दोन्ही हाय दादा. दाबून केलेला रस्ता हाय, अन् त्याच्या बाहेर गेलं की माणूस कंबरेएवढा आत जातो."

कंबरेएवढा. तिथं मला कळलं. असं रान मी कोळून प्यायलोय. बारके दात त्यात भरून जातात, जागच्या जागी फिरतात आणि स्वतःचाच खड्डा खणतात. तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मनात आलं, रुतू दे की जरा. आम्ही रुतलो न्हाई व्हय? "बारकेच घे," मी म्हणालो. पहिल्यांदा बोललो ते अडाणीपणानं. दुसऱ्यांदा बोललो ते जळून. हे मी लपवत नाही.

तीन आठवड्यांनी परत फोन आला. दोघं नवरा-बायको रस्ता सोडून गेले आणि रुतले. गाडी तिथंच टाकून बर्फातून चालत परतले. घरी पोचेस्तोवर तिच्या पायांची बोटं पांढरी पडली, दवाखान्यात न्यावं लागलं. "आता बरी हाय," म्हणाला, आणि वर हसला. "चूक माझीच. मी बर्फ म्हणालो, तू लादी समजलास. इथला बर्फ भुशावानी असतोय, हे मीच सांगायला पायजे होतं."

त्यानं आयतीच पळवाट दिली आणि मी ती घेतली. "हाव, लादीच समजलो मी."

मग मी धंद्यातला सवाल विचारला. रस्त्यावर किती, बाहेर किती? म्हणाला, जास्त रस्त्यावरच, पण बाहेर जायची हौस आहे. मी सांगितलं, "मग मधला घे. अडीच इंची दात दाबलेल्या रस्त्यावर झिजून जातील, एक इंची बाहेर काही कामाचे न्हाईत. दीड-पावणेदोन इंची बघ. अन् पट्टा जरा लांब घे, वजन पसरतं, गाडी आत जात न्हाई."

तो म्हणाला, "इथला दुकानदार हेच म्हणला होता."

"कवा?"

"पहिल्याच दिवशी. कागदावर काढून दाखवलं त्यानं."

"मग त्याचं ऐकलं का न्हाईस?"

"तू दुसरं सांगितलंस न्हवं," तो म्हणाला. "टायरचं तुझ्याइतकं कुणाला कळतंय, दादा?"

त्या दिवसापासून सात मार्कांचं मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगितलं, तेवढंच.