फळ्यावरचा पासवर्ड

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी जळगावात आमची छोटी संस्था आहे. तिचे सचिव भारी प्रेमळ. दारात येईल त्याला चहा पाजणार. कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यांनी ऑफिसातल्या फळ्यावरच लिहून ठेवलेला. मी चिडलो की सगळी घरचीच माणसं आहेत म्हणून हसायचे, "बठ्ठा घरनाच मानसे शेतस, भाऊ!"

एकदा देणगीदार म्हणून आलेल्या पाहुण्याला कॉम्प्युटरपुढे बसवून ते चहा सांगायला गेले. तो आमच्याच एका बाईचा नवरा निघाला. दोंडाईच्यात लपवलेल्या बायकोचा पत्ता त्याला तिथे मिळाला. ती वाचली नाही.

शोकसभेत सचिव ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला. आठवण राहावी म्हणून तिचंच नाव ठेवलं, आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं.