घाटातल्या दगडांवर माझं प्रवचन

रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि माझ्याकडे वेळ फार झाला. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. कर्जतला भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासना होते. पाळकसाहेब बाहेरगावाहून येतात. ते नसले की आमच्यापैकी कुणीतरी बोलतो. बोलायची हौस मलाच जास्त, त्यामुळे तो कुणीतरी बहुधा मीच असायचो.

त्या हिवाळ्यात मोबाइलवर मला व्हिडिओ यायला लागले. पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे, डोंगरदऱ्या जलप्रलयात घडल्या, आणि शास्त्रज्ञ हे सगळं लपवून ठेवतात, असं टाय लावलेला एक गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगायचा. नोकरीत मी प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय एक पिंपसुद्धा गेटबाहेर सोडलं नव्हतं. इथे अख्खी पृथ्वी न तपासता पास करून टाकली.

मग जाहीर व्याख्यान ठरवलं. फलक लावला, त्यावर कोटातला माझा फोटो. कोट मुलाच्या लग्नातला, पोटावर बटण लागत नव्हतं, म्हणून फोटो खांद्यापर्यंतच.

भिसेगावातले आमचे शेजारी मास्तर मुद्दाम माझ्यासाठी आले. ते हिंदू, घरची भातशेती, आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. शाळेतली शुद्ध भाषा ते निवृत्तीबरोबर शाळेतच ठेवून आले होते. वर्षभरापूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून ते अधूनमधून आमच्या उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसायचे. धर्म बदलायचा विचार त्यांच्या मनात नव्हता, माझ्याही नव्हता. गाणी ऐकून बरं वाटतं, एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी मात्र पुढे बसले. मी रंगात आलो होतो. म्हटलं, "ठाकुरवाडीच्या बाजूला गाडी घाट चढते, तेव्हा डोंगरात थर दिसतात ना? तो जलप्रलयाचा गाळ."

मास्तरांनी मान खाली घातली. ते थर लाव्हाचे, हे त्यांनी तालुक्यातल्या निम्म्या पोरांना शिकवलेलं. माझा मुलगाही त्यांच्याच वर्गात होता. त्याच्या वहीतला ज्वालामुखी मीच लाल रंगाने रंगवून दिला होता, हे मला तेव्हा आठवलं नाही.

नंतर आमच्याच मंडळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, "काका, जलप्रलयात सगळे प्राणी ज्यात वाचले, त्या तारवात डायनासोर मावले कसे?"

"पिल्लं घेतली असतील," मी म्हणालो.

हॉल हसला. लोकांना आवडलं, असं मला वाटलं. संध्याकाळी ते उत्तर कॉलनीच्या ग्रुपवर फिरलं आणि माझं नाव डायनासोरकाका पडलं. वाण्याकडे गेलो तर तोही विचारायला लागला, "काका, पिल्लू काय खातं?" मी घरी सांगितलं, विश्वासासाठी छळ सोसावा लागतो. बायको म्हणाली, "छळ कसला? हसू आलं, हसले."

मास्तर पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत वाल सोलत होते.

"राग आला का?" मी विचारलं.

"राग नाय रं. ही गेली तेवा तू मला सांगितलंस, रडणाऱ्याजवळ देव येऊन बसतो. ते मला तपासता येत नाय. तू सांगतोस म्हणून धरलं होतं. दगडाचं मला तपासता येतं. ते तू चुकीचं सांगितलंस, अन् त्याच आवाजात, तेवढ्याच खात्रीनं. आता मी त्या पहिल्या गोष्टीचं काय करू?"

मी त्यांच्यासमोर बसून उरलेले वाल सोलले आणि उठलो. 

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "देवाला सृष्टी करायला किती काळ लागला ते देव जाणे. तुम्हाला मास्तरांना घालवायला एक दुपार पुरली."

रविवारी उभा राहिलो आणि म्हणालो, जग देवाने केलं यावर माझा विश्वास आहे. पण कसं आणि किती काळात, हे सांगायचा अभ्यास माझा नाही. बायबलातला उत्पत्तीचा पहिला अध्याय मी भूगोलाच्या पुस्तकासारखा वापरला, ते चुकलं. एक वयस्क बंधू तिथेच म्हणाले, "आज हे सोडलंत, उद्या ख्रिस्ताचं पुनरुत्थान सोडाल." मी म्हटलं, ते सोडणार नाही, म्हणूनच त्याच्या शेजारी डायनासोर बसवायचा नाही. त्यांना पटलं नाही. एक कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेलं. ती मुलगी मात्र उपासनेनंतर थांबली आणि माझ्याबरोबर खुर्च्या उचलू लागली. म्हणाली, "मला वाटलेलं, आता कॉलेज तरी सोडावं लागेल नाहीतर चर्च तरी."

मास्तरांनाही जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस. येत जा. पण शिकवू नको, नुसता बस."

तेव्हापासून संध्याकाळी जातो. ते बायकोबद्दल बोलतात. तिला शेतावरून यायला उशीर व्हायचा, चहा फार गोड करायची, असलंच काही. माझ्या जिभेवर एखादं वचन येतं, मी ते गिळतो. आणि इतकं अवघड काम मी नोकरीतही केलं नाही. मास्तर अजून हॉलमध्ये आलेले नाहीत. मी विचारत नाही. परवा निघताना ते म्हणाले, "उद्या जरा लवकर ये." मी लवकर गेलो.