फळीवरच्या देवीचे डोळे
आज सकाळी वहिनीने माझ्या तान्ह्या भाचीसाठी तुपाच्या दिव्यावर काजळ धरलं आणि त्या वासासरशी मला खारी गावातली एक मावशी आठवली. मी तेव्हा भाईंदर पश्चिमेला, घरातच, खराब झालेली जुनी चित्रं कॉम्प्युटरवर नीट करून द्यायचे. मावशीने गावदेवीचं चित्र असलेली लाकडी फळी जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती. वाळवीने अर्धा चेहरा खाल्लेला, त्यामुळे जत्रेत देवी बाहेर काढता येत नव्हती. मी फळीचा फोटो काढला आणि तशाच जुन्या चित्रांवरून कॉम्प्युटरने गाल भरले, नथ भरली, डोळेही भरले, सुंदर, अगदी एकसारखे. मावशी खूश होईल असं वाटत होतं, तर तिने पटकन पदराने स्क्रीनच झाकली. "पोरी, डोले पुस आधी. गाव समोर न्हाय, आन् देवीला उठवलीस कशी?" त्यांच्याकडे देवीचे डोळे जत्रेच्या दिवशी, सगळ्यांसमोर, काजळाने उघडतात, हे मला कुठे ठाऊक होतं. मी डोळे काढून टाकले आणि चित्र तसंच नव्या फळीवर छापून दिलं. जत्रेत मावशीने मला अगदी पुढे उभं केलं. काजळ लावताना तिचं बोट घसरलं आणि देवीचा डावा डोळा चांगलाच मोठा झाला, तरी सगळ्यांचे हात एकदम जोडले गेले, माझेही. आज भाचीला काजळ लावून झाल्यावर वहिनीने विचारलं, "एक डोळा मोठा झाला का गं? पुसून परत लावू?" मी म्हटलं, "राहू दे. बघतेय ती."