दोन कार्बोरेटर आणि एक कान

पेडगावात सटवाजीच्या दारात जी मोटार उभी असते, तिला सगळं गाव 'बिनटपाची' म्हणतं. विलायतेत बनलेली, एम.जी. कंपनीची, त्रेपन्न सालची. बसायला दोनच जागा, डोक्यावर टप नाही आणि नाक इतकं लांब, की चालवणाऱ्याच्या आधी गाडीच गावात पोचावी. पहिल्यांदा ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली, तेव्हा सटवाजीची बायको सुलाबाई पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "ह्यात कडब्याच्या पेंढ्या किती बसतेत?"

"एकबी न्हाई," सटवाजी म्हणाला.

झालं. सुलाबाईनं त्या दिवसापासून गाडीत लक्ष घातलं नाही आणि गाडीत ती कधी बसलीही नाही.

सटवाजी एकतीस वर्षं एसटीत मेकॅनिक होता. शिक्षण दहावी नापास, पण कान असा, की इंजिनाला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावली की आतलं दुखणं त्याला वैद्याला नाडी कळावी तसं कळायचं. त्या कानाचा त्याला गर्वही होता. खात्यानं कानात घालायला बोळे दिले होते, ते त्यानं खुंटीला टांगून ठेवले. "कान झाकून मेकॅनिक? मग डोळे झाकून ड्रायव्हर!" असं तो म्हणायचा आणि आपणच हसायचा. इकडं घरी सुलाबाई पिठाची गिरणी चालवायची, तीही तीस वर्षं, आणि कानाला घट्ट फडकं बांधून बसायची. सटवाजी तिलाही हसायचा. "लय नाजूक कान हायेत राणीसाहेबाचे!"

गाडी मिळाली तीही ह्या कानामुळंच. चौदा वर्षांपूर्वी झरीच्या पुढं एक बस बंद पडली. सटवाजी गेला, पेचकस टेकवला, कान लावला आणि पाच मिनिटांत बस चालू करून दिली. बसमध्ये बोरीच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या रेणुकाबाई होत्या. परभणीच्या, निवृत्तीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या खिडकीतून सगळं बघत होत्या. उतरून म्हणाल्या, "तुमचा कान फार चांगला आहे. माझ्या वडिलांची एक गाडी शेडमध्ये पडून आहे. बघता का?"

शेडमधल्या त्या गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. येलदरीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा बाईंचे वडील तिथं इंजिनिअर होते. लहानग्या रेणुकाला शेजारी बसवून ते ह्या गाडीतून धरणाच्या भिंतीपर्यंत न्यायचे. ते गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. "घेऊन जा," बाई म्हणाल्या. "मला विकायची नाही. फक्त चालू झाली की एकदा मला येलदरीच्या भिंतीपर्यंत न्या."

आपल्या बापाची गाडी कुणी अशी एका एसटीच्या मेकॅनिकला नुसत्या कानावर देऊन टाकतं का? ह्या बाईनं दिली. सटवाजी त्या रात्री जेवला नाही, इतकं त्याला भरून आलं होतं. "आपल्यावर एवढा भरोसा तर माह्या बापानंबी कदी ठिवला न्हवता," तो सुलाबाईला म्हणाला.

मग सुरू झाली झटापट. एसटीतले मिलिमीटरचे पाने गाडीच्या इंची नटांना बसेनात. एक ढिला पडायचा, त्याच्या खालचा चढायचाच नाही. शेवटी ताडकळसच्या बाजारात, एका विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाबरोबर आलेले इंची पाने सापडले आणि ते असे बसले, की जणू त्याच नटांसाठी जन्माला आले होते. दरवाजाच्या आतली लाकडी चौकट कुजली होती, ती बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं सागवानात नवी करून दिली. असं एकेक करता करता चौदा दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला बाईंचा फोन यायचा. "कुठवर आलं?" एवढंच विचारायच्या. घाई कधी केली नाही.

आणि यंदा गाडी चालू झाली. पण कान बंद झाला.

एकदम नाही, तीन वर्षांत हळूहळू. सटवाजीनं कुणाला सांगितलं नाही. कुणी काही बोललं, की मान डोलवून "हां हां" म्हणायचं, हा त्यानं काढलेला तोडगा. त्या "हां हां"पायी एकदा तो हरिनाम सप्त्यात भांडी घासणाऱ्यांचा प्रमुख झाला आणि सात दिवस कढया घाशीत बसला, तरी बोलला नाही. पण ह्या गाडीपुढं "हां हां" चालत नव्हतं. तिला दोन कार्बोरेटर. दोघांनी हवा सारखी ओढली तरच इंजिन नीट चालणार, नाहीतर ते गचके देतं, काळा धूर ओकतं आणि चढावर मरतं. सारखी ओढतात का, हे बघायची रीत एकच: रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी, आणि दोन्हींचा सुसकारा जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचे. सटवाजीनं नळी उजव्या कानाला लावली, डाव्या कानाला लावली. काहीच नाही.

त्यातच बाईंचा फोन आला. पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा त्यांना कायमचा तिकडं घेऊन चालला होता. सोमवारी निघायचं. "रविवारी जमेल का?" त्यांनी विचारलं. फोन सुलाबाईनं घेतला होता आणि तिनं परस्पर हो म्हणून टाकलं.

शनिवारी सकाळपर्यंत गाडी गचकेच देत होती. सटवाजी घरात आला, खाली मान घालून म्हणाला, "बाईला फोन लाव. म्हनाव, येऊ नका. पार्ट आला न्हाई."

"कोनता पार्ट?"

"हाय एक."

सुलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि त्याच्या अगदी जवळ येऊन ठणठणीत आवाजात विचारलं, "त्याला कान म्हनतेत का?"

तीन वर्षं त्यानं जे लपवलं, ते तीन वर्षं तिला माहीत होतं. त्याला आधी लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि एवढंच उरलं, की उद्या बाई येणार आणि आपण दिलेला शब्द वाया जाणार. त्याचे डोळे भरले.

"रडू नका. भाकर करपंल," सुलाबाई म्हणाली. "चला, मला दावा काय ऐकायचं ते."

त्यानं दाखवलं. सुलाबाईनं पदर मागं सारला, नळी कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. आधी एकाचा सुसकारा ऐकला, मग दुसऱ्याचा. मग म्हणाली, "डावं दळायलंय. उजवं रिकामंच फिरायलंय."

हे गिरणीतलं बोलणं. दाण्यावर फिरणारा दगड आणि रिकामा फिरणारा दगड तिला पाठमोरी असतानाही ओळखू यायचा. तीस वर्षं झाकून ठेवलेला कान असा ताजा निघाला, जणू कालच आणलाय. गिरणीच्या आवाजात ती गिऱ्हाइकांशी हातानंच बोलायची. आता नवऱ्याशी तशीच बोलू लागली. तळहात खाली केला की कमी. बोट वर केलं की जास्त. मूठ मिटली की थांब. सटवाजी स्क्रू फिरवायचा आणि तिच्या हाताकडं बघायचा. तासाभरानं मूठ मिटली ती मिटलीच. त्यानं गाडीच्या अंगावर हात ठेवला. थरथर गेली होती. इंजिन दुधावरच्या सायीसारखं शांत चाललं होतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बायकोपुढं हात जोडले आणि ती म्हणाली, "पुरं. भाकर करपलीच शेवटी."

रविवारी रेणुकाबाई रिक्षातून उतरल्या. दारात बिनटपाची चालू होती. बाई क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या. "अगदी बाबांच्या वेळचा आवाज," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सटवाजी, तुमचा कान अजून तसाच आहे!"

चहा घेऊन आलेली सुलाबाई मुद्दाम दुसरीकडं बघू लागली. नवऱ्याचा मान राहतो तर राहू दे. सटवाजीला नुसतं "हां हां" म्हणून सुटता आलं असतं.

"माहा कान गेला, बाई," तो म्हणाला. "तीन वर्सं झाले. ही गाडी हिच्या कानावर उभी हाय."

बाईंनी सुलाबाईच्या हातातला चहाचा ट्रे काढून खाली ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरले.

झरी, बोरी, जिंतूर. गाडी कुठं अडली नाही. येलदरीच्या भिंतीशी बाई खाली उतरल्या, पाण्याकडं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन बाजूच्या सीटवर हात फिरवीत म्हणाल्या, "ही जागा माझी फक्त आजच्यापुरती होती. आता ती कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे." परतताना त्यांनी परभणीत घरापाशी निरोप घेतला. सटवाजीनं वाकून पाया पडायचा प्रयत्न केला, तो त्यांनी करू दिला नाही.

उन्हं कलली तेव्हा तो पेडगावात आपल्या दारात येऊन थांबला आणि सुलाबाईला म्हणाला, "बस." तिनं आढेवेढे घेतले, शेजारणींकडं पाहिलं आणि बसली. वाऱ्याला म्हणून तिनं कानाला ते जुनं फडकं बांधलं. सटवाजी आज हसला नाही.

गाडी रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर सुलाबाई काहीतरी बोलली. सटवाजीची मान सवयीनं डोलायला निघाली, ती त्यानं आवरली.

"ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला. "परत सांग."

सुलाबाईनं फडकं सोडलं, त्याच्याकडं वळली आणि गिरणीतल्या आवाजात, दोन्ही बाजूंच्या शेतातली माणसं वळून बघतील असं ओरडली, "म्हनलं, उजवं आजून जरासं रिकामं फिरायलंय!"

सटवाजीनं गाडी बाजूला घेतली आणि खिशातून पेचकस काढला.