सेलाला न दिलेला निरोप

सिंगापूरला लेकीकडे महिनाभर राहायला गेले आणि बुकित बातोकच्या तिच्या फ्लॅटमध्ये दोन दिवसांतच कंटाळले. लेक-जावई ऑफिसात, नात शाळेत. मग रोज सकाळी इमारतीखालच्या बाकावर जाऊन बसू लागले. तिथं सेला भेटली.

"मालो ए लेलेइ (नमस्कार)," ती म्हणाली. माझ्याच वयाची, चांगली धिप्पाड, मोठ्या अंबाड्याची बाई. टोंगा बेटांवरून नवऱ्याच्या उपचारांसाठी आली होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये दोघं भाड्याच्या खोलीत राहत. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. 'फेफे हाके?' (कशी आहेस?) आणि 'साइ पे' (बरी आहे) एवढं तर मी लगेच उचललं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या तिथल्या बाजारात, चहावाल्यालाही 'मालो' (आभार) म्हणून टाकलं.

"आजी, अंकल इज चायनीज लाह!" नात कपाळाला हात लावून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

एकदा सेलाने 'लू' आणलं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. माझ्यासाठी मुद्दाम मांस न घालता. मी तिला आपलं अळूचं फदफदं खिलवलं. तिनं वाटी पुसून खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी हात टेकले. सेला नवऱ्याला घेऊन टोंगाला घरी निघाली. टॅक्सीत तो डोळे मिटून बसला होता. तिनं माझे हात धरले.

"नोफो आ (सुखाने राहा). हे निघणाऱ्याने म्हणायचं. राहणाऱ्याने म्हणायचं, आलु आ (सुखाने जा). आता तू म्हण."

माझी जीभ रेटेना. आपण स्वतः निघतानासुद्धा 'येतो' म्हणणारी माणसं. त्या आजारी माणसाकडे बघून 'जा' कसं म्हणू?

"पुन्हा या," मी म्हणाले. "दोघंही या."

"तो येणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "घरून निघालो तेव्हा सगळं गाव म्हणायला आलं होतं. इथं तूच आहेस. म्हण ना."

मी नकारार्थी मान हलवली. ती माझे हात सोडून टॅक्सीत बसली.

आठवड्याने मीही निघाले. चांगी विमानतळावर लेकीनं मिठी मारली. "आई, लवकर ये गं परत." ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. माझ्या माणसांनी मला आमच्या रीतीने निरोप दिला होता. सेलाने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं, तिच्या रीतीचा निरोप.