ताडपत्रीवाल्या चाचांचा अंदाज

पावसाबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस ताडपत्र्या विकतो, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण आमच्या आंदर मावळात, फाट्यावरच्या चाचांनी उभं आयुष्य हेच केलं. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं माझं डोकं किती वेळा फिरलं, याला गणती नाही.

चैत्र सरला की आमच्याकडे राबाची घाई. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वाळू द्यायचं आणि पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. मधेच वळीव कोसळला तर मात्र राब भिजतो, नुसता धुमसत राहतो आणि पुढं रोपापेक्षा तणच माजतं. मी वराळ्याच्या एका कंपनीत कामाला, मोकळा दिवस एकच, रविवार. तोवर राब कोरडा राहील की नाही, एवढंच मला दरसाल हवं असायचं.

मोबाईल सांगतो, ‘घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता.’ अरे बाबा, तुरळक म्हणजे कुठं? माझं खाचर त्या तुरळकात येतं का? म्हणून मी चाचांकडे जायचो, कारण आभाळ कळणारा माणूस आमच्या खोऱ्यात तो एकच. दुपारी दुकानाबाहेर येऊन टोपी काढायचे, कड्याकडे तोंड करायचे आणि घामेजल्या टकलाला कोकणातून वर चढणारा वारा लागतो का ते बघायचे.

त्या शुक्रवारी मी गेलो, तर चाचा दारात वाळत घातलेल्या मिरच्या सुपात भरत होते.

“चाचा, येईल का हो पाऊस?”

“मला काय म्हाईत? चा घेतोस का?”

मी चहा प्यायलो आणि निघालो. शनिवारी दुपारी वळीव असा झोडपून गेला की माझ्या राबाचा लगदा झाला. तसाच चिखलाच्या पायांनी फाट्यावर गेलो आणि ओरडलो, “स्वतःच्या मिरच्या आत घेतल्यात आणि मला चहा पाजलात? तोंड उघडलं असतंत तर काय बिघडलं असतं?”

चाचांनी मला बाकावर बसवलं. म्हणाले, दुकान नवं असताना त्यांनी एकदा सगळ्यांना पाऊस सांगितला होता. वाडीनं ताडपत्र्या नेल्या आणि पाऊस काही आला नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं, ‘चाचांचा पाऊस दुकानात पडला.’ सगळे खदाखदा हसले. “तवापास्नं जीभ चावली,” चाचा म्हणाले. “आभाळ त्याचं, ताडपत्री माजी. दोन्हीची गाठ न्हाई घालायची.”

इमान असावं माणसाला, पण इतकं? मग मी विचारायचं सोडलं आणि गुपचूप मिरच्यांवर नजर ठेवायला लागलो. चाचांच्या ते ध्यानात आलं असावं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मिरच्या दुकानामागं वाळत घातल्या. आता काय म्हणावं या माणसाला!

दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, दुकान बंद झालं आणि मुलानं त्यांना वराळ्याच्या फ्लॅटमध्ये नेलं. भेटायला गेलो, तर स्वारी भलतीच खुशीत. “आता धंदा न्हाई. आता बोलाया मोकळा. काय इचारायचं ते इचार.” आणि खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत! आभाळ दिसत होतं तेव्हा बोलले नाहीत, आता बोलतायत तर आभाळच नाही. मला रडावं की चिडावं कळेना. तेच म्हणाले, “वारं कसं हाय तेवढं तू फोनवर सांग.”

यंदा राब पसरल्यावर कड्यावरून फोन लावला. “चाचा, कोकणातलं वारं कालपासून वर चढलंच नाही. पान हलत नाही इथं.”

“झाक,” ते ताडकन म्हणाले. “आजच झाक. आन् वाडीत समद्यान्ला सांग. माजं नाव घेऊन सांग.”

घरोघर फिरलो. सगळीकडे तेच हसणं. “ताडपत्रीवाल्याचाच अंदाज ना?” मी म्हटलं, अहो, दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली! तर म्हणे, “मग पोरगं इकत असंल.” ज्या एका टोमण्यापायी माणूस जन्मभर गप्प बसला, तो टोमणा यांच्या जिभेवर अजून तसाच! असा संताप आला, पण करतो काय? माझा राब झाकला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. संध्याकाळी चाचांचाच फोन.

“पडला ना?”

“पडला, चाचा. जोरात.”

“समद्यांनी झाकलं हुतं ना?”

मी बांधावर उभा होतो. माझी ताडपत्री सोडली तर खालपर्यंत सगळे राब काळेशार, पाणी पिऊन बसलेले.

“हो चाचा. सगळ्यांनी. तुमचं नाव घेतलं, एकानंही वाद घातला नाही.”

मग चाचा हसले.

“बग की,” ते म्हणाले. “उगंच इतकी वर्सं गप बसलो.”